विश्लेषण : प्रवाळांच्या टाकीवरचा मेटल हॅलाइड दिवा विझणार का?

पाऱ्याच्या वापरावर युरोपीय संघात कडक निर्बंध आहेत. त्यातून मेटल हॅलाइड दिव्यांना मिळालेली सवलत २४ फेब्रुवारी २०२७ पर्यंतची आहे. हे दिवे मैदानांवर, गोदामांत आणि रस्त्यांवर वापरले जातात. पण युरोप-अमेरिकेत घरच्या टाकीत जिवंत प्रवाळ पाळणाऱ्यांनीही अनेक वर्षे याच दिव्यांवर भिस्त ठेवली. त्यांच्यापुढे आता दोन प्रश्न आहेत. दिवे मिळत राहतील का? आणि दिवा बदलला तर प्रवाळ जगतील का?

नियम नेमका काय आहे?

विद्युत उपकरणांतील घातक पदार्थांवर मर्यादा घालणारा ‘रोह्स’ हा युरोपीय संघाचा कायदा आहे. त्यानुसार टी-५ आणि टी-८ या फ्लुरोसंट नळ्या बाजारात आणणे ऑगस्ट २०२३ मध्ये बंद झाले. टी-५ नळ्या प्रवाळांच्या टाक्यांवरही लोकप्रिय होत्या. मेटल हॅलाइडला मात्र जास्त मुदत मिळाली. मुदतवाढीचा अर्ज वेळेत दाखल झाला असेल, तर त्यावर निर्णय होईपर्यंत सवलत चालू राहते. त्यामुळे २५ फेब्रुवारीच्या सकाळी दुकाने रिकामी होतील असे नाही. शिवाय कायदा नवा माल बाजारात आणण्यावर बंधने घालतो. घरात लावलेला दिवा त्यामुळे बेकायदा ठरत नाही.

जागतिक पातळीवर पाऱ्यासाठी मिनामाता करार आहे. सर्वसाधारण वापराच्या फ्लुरोसंट नळ्यांचे उत्पादन, आयात आणि निर्यात २०२७ पर्यंत थांबवायचे, असे २०२३ च्या जिनिव्हा परिषदेत ठरले. त्या निर्णयात मेटल हॅलाइड नव्हते. पण रस्ते आणि गोदामे एलईडीकडे वळली की या दिव्यांची मोठी मागणी संपते. फक्त हौशी प्रवाळपालकांसाठी कारखाने किती काळ चालतील, हा खरा प्रश्न आहे.

प्रवाळांना इतका प्रकाश कशासाठी?

प्रवाळ हा प्राणी आहे, पण त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. हे शैवाल प्रकाशावर अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला मिळतो. प्रकाश कमी पडला तर प्रवाळ हळूहळू उपाशी राहतो. एकदम वाढला तर शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो.

म्हणून इथे डोळ्यांना दिसणारा उजेड मोजत नाहीत. वनस्पती आणि शैवालाला उपयोगी पडणारा, ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मोजतात. त्याला ‘पार’ म्हणतात. अक्रोपोरासारख्या कठीण प्रवाळांसाठी साधारण २०० ते ४०० पार ही पाळणाऱ्यांमध्ये रूढ असलेली पातळी आहे.

मेटल हॅलाइडचे प्रकार कोणते?

लग्नाच्या मांडवातल्या हॅलोजनशी याची गल्लत नको. हॅलोजनमध्ये तार तापते. मेटल हॅलाइडमध्ये पाऱ्याची वाफ आणि धातूंचे क्षार यांतून विजेची ज्योत पेटते. प्रकाश एका छोट्या बिंदूतून येतो, म्हणून टाकीच्या तळाशी लाटांच्या चमकत्या रेषा नाचतात. खऱ्या समुद्रासारखे हे दृश्य अनेकांना सोडवत नाही.

रचनेनुसार या दिव्यांचे दोन प्रकार आहेत. एका टोकाला आटे असलेल्या दिव्याला बाहेरून काचेचे जाड आवरण असते. ते अतिनील किरण बऱ्याच अंशी अडवते. दोन्ही टोकांना जोड असलेला दिवा आकाराने लहान असतो. त्याचा प्रकाश परावर्तकाने खाली वळवणे सोपे जाते. मात्र त्याच्यासमोर अतिनील किरण अडवणारी काच लागतेच. ती काच फुटली किंवा लावायची राहिली, तर प्रवाळ भाजतात आणि माणसाच्या डोळ्यांनाही इजा होते.

वॅटचा संबंध टाकीच्या खोलीशी आहे. दीड फुटापर्यंत १५०, दोन फुटांपर्यंत २५० आणि त्याहून खोल टाकीला ४०० वॅट, असा ढोबळ हिशेब केला जातो. एक दिवा साधारण दोन फूट बाय दोन फूट जागा सांभाळतो.

केल्विनचा आकडा काय सांगतो?

हा आकडा प्रकाशाचा रंग सांगतो, ताकद नाही. ६,५०० केल्विनचा दिवा किंचित पिवळसर दिसतो. तेवढ्याच विजेत तो सहसा सर्वाधिक पार देतो. १०,००० चा दिवा पांढराशुभ्र, १४,००० चा निळसर आणि २०,००० चा गडद निळा असतो. निळ्या प्रकाशात प्रवाळांचे चमकदार रंग खुलतात, पण पार बहुधा कमी मिळतो. थोडक्यात, निवड वाढ आणि रंग यांच्यात असते.

यात आणखी एक मेख आहे. बॅलास्ट, म्हणजे ट्यूबलाइटला असतो तसा चोक, बदलला की त्याच दिव्याचा रंग आणि ताकद बदलते. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील प्राध्यापक संजय जोशी यांनी दिवे आणि बॅलास्टच्या अनेक जोड्यांची मोजमापे प्रसिद्ध केली. त्यातून हा फरक आकड्यांत दिसला. ‘सर्वांत चांगला दिवा कोणता’ हा प्रश्न म्हणूनच अपुरा आहे. दिवा, बॅलास्ट आणि परावर्तक यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

खर्च कुठे होतो?

२५० वॅटचे दोन दिवे रोज आठ तास लावले, तर दिवसाला ४ आणि महिन्याला १२० युनिट वीज जाते. बॅलास्टमध्ये वाया जाणारी वीज वेगळी. उष्णतेमुळे टाकीचे पाणी तापते आणि अनेकांना ते थंड करणारे चिलर घ्यावे लागते. दिव्याचा रंग आणि ताकद काळानुसार उतरते, म्हणून बहुतेक जण ९ ते १२ महिन्यांत दिवा बदलतात. पारा असल्याने जुना दिवा घरच्या कचऱ्यात टाकता येत नाही.

एलईडी बरोबरी करते का?

पार पुरेसा असेल आणि प्रकाश सगळीकडे पोहोचत असेल, तर प्रवाळ एलईडीखालीही उत्तम वाढतात. शैवालाला उपयोगी असलेला निळा प्रकाश एलईडी सहज देते. रंग आणि तीव्रता हवी तशी बदलता येते.

तक्रारी बहुधा कमी दिवे लावल्यामुळे येतात. एलईडीच्या छोट्या पॅनलचा प्रकाश मधे जास्त आणि कडेला कमी पडतो. प्रवाळाच्या फांद्यांखाली गडद सावल्या राहतात आणि तो भाग मरतो. मोठ्या परावर्तकातला हॅलाइड दिवा अनेक कोनांतून प्रकाश देतो, त्यामुळे ही अडचण कमी असते. उपाय म्हणजे एका शक्तिशाली पॅनलऐवजी मंद ठेवलेली दोन-तीन पॅनल लावणे.

घाईने बदलल्यास काय होते?

एलईडीचा प्रकाश निळा असल्याने माणसाच्या डोळ्यांना मंद वाटतो. मग मालक तो वाढवतो आणि काही दिवसांत प्रवाळ पांढरे पडतात. त्यामुळे जुना दिवा उतरवण्याआधी टाकीत ठिकठिकाणी पार मोजून ठेवणे, एलईडी कमी तीव्रतेवर सुरू करणे आणि काही आठवड्यांत हळूहळू त्या पातळीवर नेणे हाच सुरक्षित मार्ग आहे. थंड देशांत आणखी एक बदल जाणवतो. हॅलाइडची ऊब गेली की पाण्याचा हीटर जास्त वेळ चालतो आणि विजेची बचत थोडी घटते.

भारतात चित्र काय?

भारताने मिनामाता कराराला २०१८ मध्ये मान्यता दिली. पण इथे प्रश्न दिव्याच्या आधी प्रवाळाचा येतो. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये प्रवाळभित्ती बांधणारे सर्व कठीण प्रवाळ आहेत. मालवणच्या समुद्रातल्या अशा प्रवाळांनाही तेच संरक्षण आहे. ते समुद्रातून काढणे किंवा त्यांचा व्यापार करणे गुन्हा आहे. समाजमाध्यमांवर दिसणारी परदेशातली रंगीत टाकी घरी उभारण्याआधी हे लक्षात घ्यायला हवे.

ज्यांच्या टाकीवर आज हॅलाइड आहे, त्यांना तो उद्याच उतरवायची गरज नाही. मात्र शेवटचा दिवा फ्यूज होईपर्यंत थांबलेल्यांना तो घाईत बदलावा लागेल, आणि त्या घाईची किंमत प्रवाळ मोजतील.