दुकानाला सूट, घरातल्या मशीनला नोंदणी

ऑनलाइन खरेदीवरच्या कराचा विषय निघाला की आपल्याकडे दोन बाजू ठरलेल्या असतात. दुकानदार म्हणतो, "मोबाइलवर विकणारे कर चुकवतात, म्हणून त्यांना स्वस्त देणे परवडते." गिऱ्हाईक म्हणते, "तुम्ही तरी पक्के बिल कुठे देता?" या भांडणात तिसरी एक व्यक्ती असते, तिला मात्र कोणी विचारत नाही. ती घरात शिलाई मशीनवर बसलेली असते. अबाया शिवते, मुलींचे फ्रॉक शिवते, रमजान जवळ आला की नमाजच्या ओढण्यांची ऑर्डर घेते. माल फोनवरून विकावा, अशी तिची इच्छा असते. आजचे हे लिखाण तिच्यासाठी आहे.

दुकानदारांची तक्रार मुळात गाजली ती अमेरिकेत, आणि तिथे ती खरीही होती. त्या देशात विक्रीकर केंद्राचा नाही, राज्यांचा. तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९६७ साली आणि पुन्हा १९९२ साली सांगितले होते की ज्या विक्रेत्याचे एखाद्या राज्यात दुकान, गोदाम किंवा माणसे नाहीत, त्याच्यावर तो कर वसूल करून देण्याची सक्ती त्या राज्याला करता येणार नाही. तो काळ कॅटलॉग बघून टपालाने माल मागवण्याचा होता. पुढे इंटरनेट आले आणि या नियमाची ऑनलाइन कंपन्यांना लॉटरीच लागली. गिऱ्हाइकाने स्वतःहून कर भरावा, असे कायदा म्हणत होता. पण स्वतःहून कोण भरतो?

साउथ डकोटा हे छोटे राज्य. तिथे राज्याचा आयकर नाही, त्यामुळे सरकारची भिस्त विक्रीकरावर. त्यांनी २०१६ साली कायदा करून बाहेरच्या विक्रेत्यांनाही कर लावला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेले आणि २१ जून २०१८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी राज्य जिंकले. या कायद्यातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. राज्यात वर्षाला १ लाख डॉलरपेक्षा जास्त विक्री किंवा २०० व्यवहार असतील, तरच कर वसूल करायचा. त्याखालच्या छोट्या विक्रेत्याला हात लावायचा नाही. निकाल देताना कोर्टाने या सवलतीची दखल घेतली. पुढे २०० व्यवहारांची अटही २०२३ साली राज्याने काढून टाकली. बरोबरच आहे, दहा-दहा डॉलरचे २०० रुमाल विकणाऱ्याची उलाढाल होते अवघी २,००० डॉलर!

आता आपल्या देशाकडे येऊ. जीएसटी येण्यापूर्वी इथेही गोंधळ होता. ऑनलाइन मालावर काही राज्ये प्रवेश कर लावत होती. १ जुलै २०१७ पासून तो प्रश्न बराचसा मिटला. इचलकरंजीत बसून तुम्ही हरियाणातल्या विक्रेत्याकडून कुकर मागवला तर त्यावरच्या करातला राज्याचा वाटा महाराष्ट्राला मिळतो, हरियाणाला नाही. दरही दुकानात आणि मोबाइलवर एकच. तेव्हा 'ऑनलाइनवाले कर भरत नाहीत' हे आज म्हणता येत नाही. मोठ्या कंपन्या स्वस्त देतात ते भांडवलाच्या जोरावर, आणि तो वेगळा विषय आहे.

उलट आपल्याकडे पारडे दुसऱ्या बाजूला झुकले. आपल्या राज्यात माल विकणाऱ्या दुकानदाराला वर्षाच्या ४० लाख रुपये उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. हीच सूट ऑनलाइन बाजारात विकणाऱ्याला नव्हती. पहिला रुपया विकण्याआधी नोंदणी! गंमत बघा, सेवा देणाऱ्यांना ही अडचण २०१७ च्या नोव्हेंबरपासूनच नाही. एखादी आपा ॲपच्या माध्यमातून शिकवण्या घेत असेल तर २० लाखांपर्यंत तिला मोकळीक. कुरआन शिकवणारीला सूट आणि कुरआनचे जुजदान शिवून विकणारीला नोंदणी, असा हा न्याय.

कोणी म्हणेल, कर पाच टक्के तर आहे, भरायला काय होते? हिशेब करून पाहू. आठवीच्या वर्गात मी अशीच गणिते घालते. अबायाची किंमत १,२०० रुपये. कापड, लेस, चेन मिळून ५०० रुपये आणि त्यावर ५ टक्के म्हणजे २५ रुपये कर. नोंदणी नसलेल्या बहिणीला खर्च वजा जाता ६७५ रुपये उरतात. नोंदणी असलेल्या बहिणीने गिऱ्हाइकाला तीच किंमत लावली तर १,२०० मधले सुमारे ५७ रुपये कराचे होतात, त्यातून कापडावर भरलेले २५ वजा होतात आणि सरकारात जातात ३२. तिच्या हाती राहतात साधारण ६४३. म्हणजे फरक ३२ रुपयांचा. एवढ्याने कोणाचे घर बुडत नाही.

खरी अडचण कागदांची आहे. नोंदणीला धंद्याच्या जागेचा पुरावा लागतो. एकत्र कुटुंबात विजेचे बिल सासऱ्यांच्या नावावर, कधी कधी मरहूम दादांच्या नावावर. संमतिपत्र आणायचे, ते आणताना "हे कशाला?" या प्रश्नाला घरात चार वेळा उत्तर द्यायचे. मग रिटर्न. शिवण बंद असली, विक्री शून्य असली, तरी रिटर्न भरायचेच. चुकले तर एका रिटर्नला दिवसाला २० रुपये, कमाल ५०० रुपये विलंब शुल्क. बाळंतपणात किंवा सासूबाईंच्या आजारपणात मशीनवर कापड टाकले की हे मीटर चालूच. शिवाय रिटर्न भरून देणाऱ्याची फी.

मग घरात एक सोपा तोडगा निघतो. दिराची फर्म आहे, त्याचा नंबर वापर. माल तिचा, मेहनत तिची, नंबर दिराचा. पैसे त्याच्या खात्यात, उलाढाल त्याच्या रिटर्नमध्ये. दीर कितीही नेक असला तरी कागदावर तो धंदा त्याचा असतो. शरिअतने बाईच्या कमाईवर बाईचा हक्क मानला आहे. तिची जकात तिची आहे, ती स्वतः हिशेब करून देते. पण दुसऱ्याच्या नावावरच्या कमाईचा ती कोणता हिशेब करणार? बँकेत कर्ज मागायला गेली तर दाखवणार काय? उधारीचा व्यवहार लिहून ठेवा, असे ज्या किताबने इतक्या तपशिलाने सांगितले, तिच्या मानणाऱ्यांच्या घरात सुनेची वर्षानुवर्षांची कमाई अलिखित राहावी, हे मला खटकते.

कर बुडवायला मी सांगत नाही. 'सरकारचाच कर आहे, त्यात कसला गुनाह' असे म्हणणारे आपल्यात आहेत. त्यांच्याशी मी सहमत नाही. गिऱ्हाइकाकडून कर म्हणून घेतलेले पैसे अमानत आहेत. पण करालाही मर्यादा असते, हे आपल्या इतिहासाला नवे नाही. हजरत उमर (रजि.) यांच्या काळात व्यापारी मालावर 'उशर' घेतला जाई. हारून अल-रशीदच्या काळातले काजी अबू यूसुफ यांच्या 'किताबुल खराज'मध्ये त्याचे नियम आहेत. २०० दिरहमच्या खालच्या मालावर काही घ्यायचे नाही, असा त्यातला एक. म्हणजे नाक्यावर उभ्या असलेल्या वसूलदारानेही छोट्याला सोडायचे.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. ऑनलाइन विक्रेता आज आहे, उद्या नाही. फसवणूक झाली तर शोधायचा कुठे? म्हणणे रास्त आहे. पण त्यावरचा उपाय सरकारनेच शोधला. १ ऑक्टोबर २०२३ पासून ४० लाखांखालच्या विक्रेत्याला आपल्या राज्यात ऑनलाइन बाजारातून माल विकायला जीएसटी नोंदणी लागत नाही. पॅन आणि पत्ता देऊन जीएसटीच्या पोर्टलवरून एक नावनोंदणी क्रमांक घ्यायचा. रिटर्नची कटकट नाही. ज्या बहिणी अजून दिराच्या नंबरावर विकत आहेत त्यांनी हे आधी करून घ्यावे. पॅन स्वतःचे, बँक खाते स्वतःचे. संमतिपत्राची धावपळ शाळेतली मुलगीसुद्धा वाचवून देईल, पोर्टल तिला आपल्यापेक्षा चांगले कळते.

अट एकच, पण जाचक: माल राज्याबाहेर पाठवायचा नाही. इचलकरंजीतली बहीण राज्याच्या दुसऱ्या टोकाला गडचिरोलीला अबाया पाठवू शकते. तासाभरावरच्या निपाणीला नाही, कारण मध्ये कर्नाटकची हद्द आहे. या भागात कोणाची नणंद निपाणीला, कोणाचे माहेर चिकोडीला. रिश्ते हद्द बघून झालेले नाहीत, आणि गिऱ्हाईक तर नात्यागोत्यातूनच वाढते. गडचिरोलीच्या पार्सलसाठी पॅनवरून विक्रेती सापडते, तर निपाणीच्या पार्सलसाठी का सापडणार नाही?

सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत जीएसटी परिषदेने, अनेक राज्यांत ऑनलाइन विकणाऱ्या छोट्या विक्रेत्यांसाठी सोप्या नोंदणीची कल्पना तत्त्वतः मान्य केली आहे. पण नोंदणी सोपी करणे वेगळे आणि दुकानाइतकी सूट देणे वेगळे. आपल्या व्यापारी संघटना 'ऑनलाइनवर कर वाढवा' अशी निवेदने घेऊन जातात, तेव्हा त्याच कागदावर ही मागणीही लिहायला हवी. कारण त्या दुकानदारांपैकी कितीतरी जणांच्या घरात, वरच्या मजल्यावर, मशीन चालू असते.