कॅबिनेट शेवटी घेऊ नका

पीसी जुळवायचा आपल्याकडचा क्रम ठरलेला आहे. आधी ग्राफिक्स कार्ड, मग प्रोसेसर, मग मदरबोर्ड, रॅम, आणि घरून आलेल्या पैशांतून जे काही उरेल त्यात कॅबिनेट. "अरे, पत्र्याचा डबा तर आहे, कुठलाही चालेल!" हे वाक्य हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर वर्षातून एकदा तरी ऐकू येतं. माझं म्हणणं असं, की मोठं कार्ड घ्यायचं असेल तर कॅबिनेट कार्डाच्या बरोबरीने ठरवा, शेवटी नाही. अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण पैशांबद्दलची असली तरी इथे ती चक्क मिलिमीटरमध्ये लागू पडते.

इंटेलने १९९५ साली एटीएक्सचा आराखडा आणला, तेव्हा कार्ड म्हणजे एक पातळ पट्टी होती. एका स्लॉटपासून दुसऱ्या स्लॉटचं अंतर २०.३२ मिमी, आणि कार्डाने मुकाट्याने तेवढ्यात राहायचं. २००३ मध्ये जीफोर्स एफएक्स ५८०० अल्ट्राने दोन स्लॉट अडवले, तर लोकांनी त्याची टिंगल केली. आता २०२२ साली आलेलं आरटीएक्स ४०९० बघा. एनव्हिडियाचं स्वतःचं मॉडेल ३०४ मिमी लांब, १३७ मिमी रुंद आणि ६१ मिमी जाड, म्हणजे पुरते तीन स्लॉट. एसुसचं टफ मॉडेल तर ३४८ मिमी लांब, १५० मिमी रुंद आणि ७२ मिमीहून जाड. कार्ड असं सुटलं, पण डब्यातली स्लॉटची मापं अजून तीच आहेत.

दुकानात गेलात की एकच आकडा ऐकवतात, लांबीचा. "साहेब, साडेतीनशेचं कार्ड आरामात बसतं." बसतंही, पण पुढच्या बाजूला काहीच लावलं नसेल तर. साधा पंखा २५ मिमी जाड असतो आणि लिक्विड कूलरचा रेडिएटर साधारण २७ मिमी. दोन्ही पुढे आतून लावले की ५२ मिमी गेले, आणि ३६० मिमीच्या कॅबिनेटमध्ये उरले ३०८. मग रेडिएटर वर सरकवा, नाहीतर कार्ड परत करा. परत कोण घेतो?

खरी गोम मात्र रुंदीत आहे, आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. या कार्डांची पॉवरची वायर बहुधा कार्डाच्या कडेला, म्हणजे कॅबिनेटच्या दाराच्या दिशेने लागते. ४०९० बाजारात आलं त्याच वर्षी त्याचे कनेक्टर वितळल्याच्या बातम्या आल्या. कनेक्टर पूर्ण आत बसलेला नसणं हे मुख्य कारण, असं एनव्हिडियाने सांगितलं. पण दाराने वायर दाबली की कनेक्टर तिरका व्हायला कितीसा वेळ लागतो? म्हणून कनेक्टरपासून निदान ३५ मिमी वायर सरळ ठेवा, मगच वळवा, असा सल्ला दिला जातो. १५० अधिक ३५, झाले १८५ मिमी. आता कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कार्डाची रुंदी सहसा नसते, पण प्रोसेसर कूलरची उंची असते. त्या आकड्यात सात-आठ मिमी मिळवा, की मदरबोर्डपासून दारापर्यंतचं अंतर ढोबळमानाने कळतं. कूलरची उंची १६० दिली असेल तर जागा १७०च्याही आत. अशा कॅबिनेटचं दार लागेल ते गुडघ्याने दाबूनच. (लावणारे लावतात, हे मी पाहिलंय.)

एनव्हिडियाने २०२४ मध्ये लहान कॅबिनेटसाठी एक मर्यादा जाहीर केली: लांबी ३०४, जाडी ५० आणि रुंदी १५१ मिमी, तीही वायरच्या वळणासकट. वायर हा कार्डाचाच भाग आहे एवढं तरी कोणीतरी मान्य केलं! दुकानदाराला हेच माप विचारा.

जाडीचं गणित सोपं, पण फसवं. मायक्रो एटीएक्स कॅबिनेटला मागे चारच स्लॉट असतात. साडेतीन स्लॉटचं कार्ड त्यात मावतं, पण कार्डाचे पंखे खालच्या पत्र्याला जवळजवळ चिकटतात. मावणं आणि श्वास घेणं यात फरक आहे. ४०९० पूर्ण जोरात ४५० वॅट ओढतं, आणि ती सगळी वीज शेवटी उष्णताच होते. पाणी तापवायच्या रॉडवर रेक्टरसाहेबांची करडी नजर असते, पण टेबलाखालची ही अर्ध्या रॉडएवढी शेगडी अजून कुणाच्या डोळ्यांत आलेली नाही. २०२५ चं आरटीएक्स ५०९० तर एनव्हिडियाने दोनच स्लॉटमध्ये बसवलं, पण वीज ५७५ वॅट. कार्ड बारीक झालं म्हणून हवेची गरज कमी झाली नाही, उलट वाढली.

म्हणूनच पुढून सलग काच असलेल्या कॅबिनेटवर माझा राग आहे. आत दिवे छान दिसतात, कबूल. पण हवा कुठून येणार? मग दोन आठवड्यांनी दार काढून समोर टेबलफॅन लावायचा आणि हॉस्टेलची सगळी धूळ आत घ्यायची! पुढे जाळी, जाळीमागे काढून धुता येणारा फिल्टर आणि दोन मोठे पंखे, एवढं असलं की दिव्यांशिवायही काम भागतं. कार्ड उभं करून काचेला दाखवायची फॅशनही तशीच. तीन स्लॉटचं कार्ड उभं केलं की त्याचे पंखे काचेलाच टेकायला येतात.

ज्यांना नुसतं कॅड, कोडिंग आणि रात्रीचं थोडं गेमिंग करायचंय, त्यांना ही कसरत हवीच कशाला? आरटीएक्स ४०६० सारखं ११५ वॅटचं कार्ड साध्या कॅबिनेटमध्येही सुखाने राहतं. मशीन लर्निंगच्या प्रोजेक्टला २४ जीबी मेमरी लागतेच, असं ज्यांचं खरोखर असेल त्यांनी मात्र दुकानात जाताना टेप खिशात ठेवावी.

आणि वजन विसरू नका. दोन किलोंचं कार्ड एका टोकाला स्क्रूने धरलेलं आणि दुसऱ्या टोकाला लोंबकळत असतं. खालून आधार देणारी दांडी घ्या, किंवा कॅबिनेट सरळ आडवं ठेवा, म्हणजे मदरबोर्ड तळाला येतो आणि भार थेट स्लॉटवर पडतो. जुने डेस्कटॉप असेच आडवे असायचे, वर मॉनिटर ठेवून. सुट्टीत गावी नेताना तर कार्ड काढून त्याच्या मूळ खोक्यातच न्या. एसटीच्या एका गचक्यात स्लॉटजवळ बोर्डाला चीर पडू शकते, आणि ती चीर वॉरंटीत बसवून घेताना नाकी नऊ येतात.