नातवाला दोन सुया, आजोबांना एकच?

आजार वय पाहून येत नाही असे आपण सर्रास म्हणतो. इन्फ्लुएंझाच्या बाबतीत हे खरे नाही. १९१८ साली मुंबईमार्गे आलेल्या साथीने सर्वाधिक होरपळलेल्या प्रांतांत मध्य प्रांत होता, आणि नागपूर त्याची राजधानी. त्या साथीत वीस ते चाळिशीतली धडधाकट माणसे विशेष बळी पडली. २००९ मध्ये स्वाइन फ्लू आला तेव्हा देशातला पहिला मृत्यू पुण्यातल्या एका शाळकरी मुलीचा झाला. त्या वेळी म्हातारी माणसे मात्र तुलनेने बचावली. १९५७ पूर्वी जन्मलेल्या अनेकांच्या शरीराला त्या घराण्यातल्या विषाणूची जुनी ओळख होती, हे त्याचे कारण. पुढे २०१५ च्या आरंभी नागपूर-विदर्भाला त्याच आजाराचा जबर तडाखा बसला, तेव्हा मेडिकल आणि मेयोच्या वॉर्डांकडे सारे शहर डोळे लावून बसले होते.

आमच्या नंदनवनात अजून पुष्कळ घरांत तीन पिढ्या एकत्र नांदतात. परवा शेजारचे एक सत्तरीचे गृहस्थ मला म्हणाले, "साहेब, तुम्ही बँकेतले. हा हिशेब सांगा. दीड वर्षाच्या पोराला फ्लूच्या दोन सुया आणि मला एकच? माझं वजन त्याच्या सातपट आहे!"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. खोकल्याचे औषध आपण मुलाला अर्धा चमचा आणि मोठ्याला दोन चमचे देतो, तसाच लसीचाही मामला असावा असे कुणालाही वाटेल. पण लस वजनावर चालत नाही, ती शरीराच्या स्मरणशक्तीवर चालते. सहा महिने ते आठ वर्षे वयाच्या मुलाला ही लस प्रथमच द्यायची असेल तर किमान चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात. पहिल्या डोसाने ओळख होते, दुसऱ्याने ती पक्की होते. नऊ वर्षांनंतर एकच पुरतो, कारण तोवर शरीराची या विषाणूशी कधी ना कधी गाठ पडलेलीच असते. विषाणू रूप बदलतो, म्हणून ही उजळणी दरवर्षी करावी लागते. (निवृत्तिवेतन घेणारे आम्ही दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देतो, तशातलाच हा प्रकार.) तीन वर्षांखालच्या मुलांना पूर्वी अर्धा, म्हणजे पाव मिलिलिटर, डोस देत. आता अनेक कंपन्यांच्या लसींत तेही माप मोठ्यांइतकेच झाले आहे. नेमके किती, हे त्या त्या लसीवर अवलंबून असते.

म्हातारपणी मात्र वेगळीच अडचण उभी राहते. ओळख असते, पण हाक मारली तरी शरीर लवकर उठत नाही. म्हणून अमेरिकेत पासष्टीच्या पुढच्यांसाठी चौपट ताकदीची लस निघाली. नेहमीच्या लसीत प्रत्येक विषाणूप्रकाराचे १५ मायक्रोग्रॅम द्रव्य असते, हिच्यात ६०. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत नेहमीच्या लसीपेक्षा हिने फ्लूचे प्रमाण सुमारे २४ टक्क्यांनी कमी केले. २०२२ पासून तिथे वृद्धांना अशा वाढीव ताकदीच्या लसींपैकी एक द्यावी अशी अधिकृत शिफारस आहे. तेव्हा शेजाऱ्यांची तक्रार अगदीच अनाठायी नव्हती. सुई एकच, पण ती अधिक जोरकस हवी, एवढाच फरक.

आता पैशाचा भाग. बीसीजी, पोलिओ, गोवर-रुबेला या लसी राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत मिळतात. फ्लूची त्यात नाही. बालरोगतज्ज्ञांची अखिल भारतीय संघटना सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना ती दरवर्षी द्यावी असे सांगते, पण खर्च घरच्यांचा. एका सुईला हजाराच्या वर मोजावे लागतात, आणि कात्री लागते ती नेमकी बाळाच्या दुसऱ्या सुईला. बँकेत असताना विहिरींची कर्जे मी हप्त्याहप्त्याने मंजूर केली आहेत. पहिल्या हप्त्यात खड्डा झाला आणि दुसरा उचललाच नाही, तर पाणी लागत नाही आणि व्याज थांबत नाही. इथेही तसेच होते. अमेरिकी नियमाप्रमाणे तर पहिल्या वर्षी एकच डोस झालेल्या मुलाला पुढल्या वर्षी पुन्हा दोन द्यावे लागतात. वाचवले ते काय? सरकारने मुलांसाठी मोफत लसीचा विचार कधी केलाच, तर दुसऱ्या डोसाची तरतूद पहिल्याबरोबरच व्हावी. एकेका डोसाचे आकडे मोजून शिबिरे भरवण्यात मला अर्थ दिसत नाही.

वेळेचेही गणित आहे. आपल्याकडे फ्लू पावसाळ्यात उसळतो. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो. दोन डोसांमधले चार आठवडे, त्यावर लस अंगी लागायला दोन, म्हणजे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातच पहिली सुई व्हायला हवी. तेव्हा नागपुरात पारा ४२-४३ वर आणि अर्धे शहर लग्नांच्या धावपळीत! लस २ ते ८ अंशांत राहायला हवी, तेव्हा दुकानातून घेऊन पिशवीत घालून दुपारी स्कूटरवरून नेण्याची ती वस्तू नव्हे. दुसरा डोस लग्नासाठी आठवडाभर पुढे गेला तर चालतो, चार आठवड्यांच्या आत ओढता येत नाही.

सहा महिन्यांखालच्या बाळाला ही लस देतच नाहीत. त्याचे संरक्षण आईला गरोदरपणी दिलेल्या सुईतून होते. महाराष्ट्र शासनाने २०१५ पासून गरोदर स्त्रिया, मधुमेही आणि रक्तदाबाचे रुग्ण यांच्यासाठी मोफत लसीची योजना सुरू केली, पण आमच्या लेआऊटमध्ये तिची माहिती असलेले दोनच जण मला भेटले. घरात सून गरोदर असेल, किंवा आजोबांना साखर असेल, तर खासगी दवाखान्यात पैसे भरण्याआधी महापालिकेच्या आरोग्य केंद्रात एक चक्कर टाकून साठ्याची चौकशी करावी.