दप्तर सामाईक, किल्ली एकाची

यवतमाळ जिल्ह्याच्या 16 तालुक्यांतून येणारी ई-मेल कचेरीत एकाच सामाईक फोल्डरमध्ये जमावी, हे सोयीचेच. परंतु तो उघडण्याची परवानगी पदाऐवजी व्यक्तीच्या नावे दिली, की लिपिकाची बदली होताच नव्या माणसाला अर्ज दिसेनासे होतात. कधी आतील फोल्डरची परवानगी मिळते, बाहेरचा दिसण्याची मुभा राहून जाते. खोलीची किल्ली दिली, फाटक बंदच! मग एकच परवलीचा शब्द सर्वांना सांगितला जातो. हा तर रोगापेक्षा इलाज भयंकर. पत्र कोणी पुसले, याचा मागच उरत नाही. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याची 30 दिवसांची मुदत मात्र कोणासाठी थांबत नाही. कार्यभार सोपविताना कपाटाच्या किल्ल्यांबरोबर या परवानग्यांचीही नोंद व्हावी आणि गेलेल्याची परवानगी त्याच दिवशी रद्द व्हावी, असा आदेश जिल्हाधिकाऱ्यांनी काढावा.