आठवड्याला दोन तास गाण्याला द्या



ऊस विकासाचा माणूस गाण्यावर कशाला लिहितो, असे काहीजण म्हणतील. म्हणोत. बेण्याइतकीच घरच्या पोरांची काळजी आपल्याला आहे, म्हणून लिहितो.

कुरुंदवाडला १८७२ साली जन्मलेले विष्णु दिगंबर पलुस्कर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले. १९०१ साली त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि गुरूच्या घरची विद्या वर्गात आणून सर्वांना खुली केली. मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. हे सगळे आपल्या उंबऱ्याशी. पण सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यातल्या किती शाळांत साधी पेटी आहे? गाण्याचा तास लावला, तरी त्यात गणित उरकतात. शहरातली मुले फी भरून क्लासला जातात. आपल्या पोरांना शाळेशिवाय दुसरी जागा कुठली?

लागणीला फुटव्याच्या वेळी चुकलेला खताचा हप्ता मागून भरून निघत नाही. कानाचेही तसेच. सूर-ताल लहानपणीच मुरतो.

२०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने कलाशिक्षणाला इतर विषयांच्या बरोबरीने बसवले आहे. पण कागदावरचे पाणी पाठपुराव्याशिवाय सरीत येत नसते. शाळा व्यवस्थापन समितीवर आपणच पालक आहोत. पुढच्या बैठकीत दोनच गोष्टी मागा : आठवड्याला दोन तास आणि संगीत शिकलेला शिक्षक. तोवर भजनी मंडळातल्या पेटीवाल्याला, पखवाजवाल्याला शाळेत बोलवा. आणि हंगामात तोडणी कामगारांची मुलेही त्या वर्गात बसवा.

— ऊस विकास अधिकारी