तक्रार करणाऱ्याला संरक्षण हवे

वाङ्मयचौर्याच्या तक्रारीला वकिलाच्या नोटिशीने उत्तर देण्याची प्रथा वैद्यकीय संशोधनाला घातक आहे. निनावी तक्रारीतही तथ्य असू शकते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातील एका शोधनिबंधात जुन्याच प्रतिमा पुन्हा वापरल्याचा आरोप २००६मध्ये निनावी ईमेलने झाला. चौकशी समितीने संशोधकांना निर्दोष ठरवले. तरी २००७मध्ये अमेरिकी नियतकालिकाने तो निबंध मागे घेतलाच.

तक्रारदार नाव लपवतात याचे नवल नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६नुसार बदनामीला २ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लोकहितासाठी सांगितलेल्या सत्याला त्यात अपवाद आहे, पण तो सिद्ध करेपर्यंत कोर्टाच्या तारखा! यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या, तक्रार करणाऱ्या एखाद्या निवासी डॉक्टरने वॉर्ड सांभाळायचा की तारखा? ब्रिटनने २०१३च्या कायद्यात तज्ज्ञांनी तपासून छापलेल्या शास्त्रीय लेखनाला, द्वेषबुद्धी नसेल तर, संरक्षण दिले. आपल्याकडेही ते हवे.

आरोप करणाऱ्यानेही दोन्ही मजकूर शेजारी ठेवून दाखवावेत. सॉफ्टवेअरने काढलेली साम्याची टक्केवारी पुरेशी नाही. रक्तदाब कसा मोजला, हे वाक्य कितीतरी प्रबंधांत सारखेच असते. दुसऱ्याच्या रुग्णांचा उचललेला तक्ता मात्र शब्द फिरवले की सॉफ्टवेअरच्या नजरेतून सहज सुटतो.