घरातील गुंतवणूक : एका शिक्क्यावर विसंबणे धोक्याचे

मुंबई - घर वा भूखंडात प्रथमच पैसा गुंतवणारा सर्वसामान्य माणूस दोन गोष्टींनी निर्धास्त होतो. प्रकल्पाला ‘महारेरा’चा नोंदणी क्रमांक आहे आणि दस्त दुय्यम निबंधकांसमोर नोंदवला जाणार आहे, एवढे कळले की त्याच्या शंका फिटतात. हा निर्धास्तपणा किती महागात पडतो, हे कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींच्या प्रकरणाने दाखवून दिले. महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या सादर करून या इमारतींसाठी महारेराची नोंदणी मिळवण्यात आली होती. मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये त्या पाडण्याचा आदेश दिला. कर्ज काढून तेथे राहायला आलेल्या कुटुंबांच्या डोक्यावरील छप्पर धोक्यात आले. हप्त्यांचे ओझे मात्र कायम राहिले.

नोंदणीचा अर्थ काय?

प्रत्येक शिक्क्याचा अर्थ मर्यादित असतो, हे येथे ध्यानात घ्यायला हवे. महारेराची नोंदणी विकासकाने दिलेली कागदपत्रे व प्रतिज्ञापत्र यांवर आधारलेली असते. दुय्यम निबंधक १९०८च्या नोंदणी कायद्यानुसार दस्ताची नोंद करतो. विक्रेत्याची मालकी तपासणे हे त्याचे काम नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये तमिळनाडूतील एका प्रकरणात स्पष्ट केले. सातबारा हाही मूलतः महसुली अभिलेख. मालकीचा तो निर्णायक पुरावा नव्हे. थोडक्यात, पडताळणीची जबाबदारी अखेर खरेदीदारावरच येते.

काय तपासावे?

बांधकाम परवानगीची प्रत विकासकाकडून घेऊन तिचा क्रमांक व तारीख थेट महापालिकेच्या नगररचना विभागात पडताळून पाहावी. डोंबिवलीतील बनाव याच टप्प्यावर उघड होऊ शकला असता. मालकीच्या साखळीसाठी वकिलाकडून किमान ३० वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. हा वकील विकासकाने सुचवलेला नसावा. सातबाऱ्यावरील ‘इतर हक्क’ हा रकाना अवश्य वाचावा. कर्जाचा बोजा, कुळाचा हक्क यांच्या नोंदी तेथेच असतात. जमीन ‘भोगवटादार वर्ग-२’ असेल, तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना तिचे हस्तांतर करता येत नाही. शेतकरी नसलेल्यास शेतजमीन घ्यायची झाल्यास कूळकायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. स्वस्त भूखंडांच्या जाहिरातींत या बाबींचा उल्लेख क्वचितच आढळतो.

पैसे देण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. रेरा कायद्यानुसार नोंदणीकृत करारनाम्याआधी विकासकाला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. मात्र ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा आठपर्यंत सदनिकांच्या छोट्या प्रकल्पांना महारेराची नोंदणी बंधनकारक नाही. तेथे अधिकच सावधगिरी हवी.

या तपासणीला काही आठवडे आणि वकिलाचे शुल्क लागते. ‘आजच नोंदणी करा, उद्या दर वाढणार’ असा तगादा लावणारा विक्रेता नेमका हाच वेळ हिरावून घेत असतो. कागदपत्रांच्या प्रती देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याच्याशी व्यवहार न करणेच नव्या गुंतवणूकदाराच्या हिताचे ठरेल.